भाऊजी, माझी हरकत आहे

भाऊजी, तुमच्या वकील संघाने तुमच्यावर एक पुस्तिका काढायची ठरवली आहे. वर काळ्या कोटातला फोटो आणि आत सगळ्यांचे लेख. घरच्यांपैकी कोणीतरी लिहावं म्हणून तुमची ज्युनियर कविता माझ्याकडे आली. मी म्हटलं, लताला सांग, बायको तीच आहे त्यांची. तर म्हणते, "लताकाकू रडतात, त्यांना लिहवत नाही. तुम्ही रडत नाही, म्हणून तुमच्याकडे आले." मुलगी खरं बोलते. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढूनही खरं बोलते, याचं श्रेय तुम्हाला द्यायचं की तिच्या आईला, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आतापर्यंत आलेले लेख तिने मला दाखवले. सगळ्यांनी तुम्हाला अजातशत्रू म्हटलंय. एकाने तर दोनदा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मला अर्थ विचारावा लागला. ज्याचा शत्रूच जन्माला आला नाही तो, असं कविताने सांगितलं. घरातल्या माणसाला हे चालेल. पण वकिलाला? जन्मभर कोर्टात उभा राहून ज्याचा एकही शत्रू झाला नाही, तो माणूस तिथे कोणाच्या बाजूने उभा होता?

हे मी तुम्हाला तोंडावर विचारलं असतं. विचारायच्या आत तुम्ही गेलात. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण तुम्ही जिवंत असताना सुरू झालं होतं, ते मध्येच सोडून तुम्ही उठलात. ती चूक माझी नाही.

तुम्हाला एक वाईट खोड होती. कशालाही "हरकत नाही" म्हणायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. पहिल्याच दिवशी माझ्या हातून आमटीत मीठ पडायचं राहिलं. तुमचे दादा ताटावरून उठायला निघाले आणि तुम्ही म्हणालात, "हरकत नाही वहिनी, वरून घेतो." तेव्हा मला वाटलं, चला, या घरात एक तरी माणूस आहे. पुढे तुम्ही वकील झालात, इंदिरानगरला बंगला बांधलात, संघाचे अध्यक्ष झालात, आणि तेच दोन शब्द सगळीकडे वाटत सुटलात. पाऊस पडून शेवंती सडली, हरकत नाही. गडी पळाला, हरकत नाही. आमटीला ते ठीक होतं.

मंदा तुम्हाला माहीत होती. आमच्या बांधाला लागून तिचा झेंडूचा मळा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून एकटी फुलं काढते, बाजाराला नेते. तिच्या मळ्याला जायची वाट शेजारच्या रानातून होती, तिच्या आजेसासऱ्यापासूनची. ते रान विकलं गेलं, तिथे प्लॉट पडले आणि नव्या मालकाने वाटेवर भिंत घातली. आता मळ्यात टेम्पो जात नाही. मंदा नाल्याच्या कडेने डोक्यावर पाट्या घेऊन चिखल तुडवत डांबरी रस्त्याला लागते. तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात आणि उरलेल्या व्यापाऱ्यांच्या हातात उतरलेली फुलं पडतात.

तिने कोर्टात दावा लावला. वकील दिले बापूसाहेब, तुमच्याच संघाचे जुने सभासद. ते मीच सुचवले होते, कारण तुम्ही म्हणाला होतात, "माणूस आपलाच आहे." नंतर कळलं की आपला म्हणजे तुमचा. मंदाचा नव्हे.

मंदाला कोर्टात उभं राहून सांगायचं होतं. एवढंच तिचं म्हणणं. त्या वाटेने सासू नवरी म्हणून आली, ती आली, त्याच वाटेने नवऱ्याला नेलं. हे साहेबाला, म्हणजे न्यायाधीशाला, तिला आपल्या तोंडाने सांगायचं होतं. प्रत्येक तारखेला ती धुतलेलं लुगडं नेसून जायची. बापूसाहेब म्हणायचे, आज तुझं काम नाही, जा घरी. अशा एका तारखेला तिला घरी पाठवून त्यांनी आत लिहून दिलं की आमच्या बाजूने पुरावा द्यायचा नाही. तुम्ही लोक त्याला पुरसिस म्हणता. मंदा बाहेर बाकावर पिशवी सावरत होती आणि आत तिची जीभ कापून झाली होती.

हे आम्हाला कळायला पुढे किती तरी दिवस गेले. कळलं तेही कसं? त्या प्लॉटवाल्याने भूमिपूजन केलं. मंदा आपल्या मळ्यातून भिंतीवरून बघते तर नारळ फोडायला बापूसाहेब! डोक्याला फेटा. ती धावत माझ्याकडे आली.

"आक्का, आपला वकील तिकडं नारळ फोडून राह्यला."

"नीट बघितलंस?"

"म्या हाक मारली ना. त्यानं वर बघितलं आन् मला परसाद घे म्हणला."

मी तिला घेऊन तुमच्याकडे आले. आठवतं ना? तुम्ही झोपाळ्यावर होता. सगळं ऐकून घेतलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "हरकत नाही, दुसरा वकील लावू." मला बरं वाटलं. म्हटलं, इतकं सोपं होतं होय! मग आम्ही दुसऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, आधीच्या वकिलांची ना हरकत आणा. तिसऱ्यानेही तेच सांगितलं. जुना वकील जोवर वकीलपत्रावर "ना हरकत" लिहून सही करत नाही, तोवर नवा वकील दाव्याला हात लावत नाही. आणि बापूसाहेब सही देईनात, कारण मंदाने त्यांच्याविरुद्ध संघाकडे तक्रारअर्ज दिला होता. अर्ज मागे घे, मग बघू, म्हणाले. असा तो फास. आणि अर्ज पडला होता अध्यक्षांकडे. म्हणजे तुमच्याकडे.

मी दर आठवड्याला विचारायची. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, संघ म्हणजे एक घर आहे. घरातलं घरात मिटलं तर बरं."

मी म्हटलं, "लोकांच्या घरात भांडण झालं की तुम्हीच सांगता ना, कोर्टात या म्हणून? मग तुमच्याच घरातलं तेवढं घरात का?"

तुम्ही हसलात. तुमचं हसणं चांगलं होतं, त्याचा मला फार राग यायचा.

मग म्हणालात, "सनद काढून घेणं आमच्या हातात नाही, ते मुंबईला वर बार कौन्सिलकडे असतं. आम्ही फार तर समज देऊ शकतो."

"मग द्या ना समज."

"बापूसाहेब ज्येष्ठ आहेत. बरं दिसत नाही."

"तुम्हीच उभे राहा मग मंदासाठी. कोट आहेच तुमचा."

"अध्यक्षाने सभासदाच्या पक्षकाराचं काम ओढून घ्यायचं? ते तर मुळीच बरं दिसत नाही."

भाऊजी, या "बरं दिसत नाही"ने मला जितकं छळलं तितकं माझ्या सासूनेही छळलं नाही. मंदा चिखलात घसरून पडली, गुडघा सुजला. ते कोणाला बरं दिसलं?

आता मी जे लिहिते आहे ते तुमच्या बाजूचं आहे, नीट ऐका. तुमचे दादा गेले तेव्हा तेराव्याच्या आत तुम्ही वारसनोंदीचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे गेलात. मी सांगितलं नव्हतं. मला सुचण्यासारखी अवस्थाच नव्हती. तलाठी म्हणाला, "बाईंचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कांत टाकतो, आपल्याकडे तशीच रीत आहे." चुलतेही मान हलवत होते. तुम्ही टेबलावर हात ठेवून म्हणालात, "रीत असेल. कायदा नाही." आणि माझं नाव मालक म्हणून लागलं, तुमच्या नावाच्या बरोबरीने. चुलते तुमच्याशी वर्षभर बोलले नाहीत. तुम्ही म्हणालात, हरकत नाही. तो तुमच्या तोंडचा दुसरा चांगला "हरकत नाही". त्या शेतातल्या शेवंतीवर मी मान वर करून जगले, मुलींची लग्नं केली. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती म्हणून राहून गेलं. आता मानते.

पण म्हणूनच मला राग येतो. तुम्हाला जमत नव्हतं असं नाही. जमत होतं.

ना हरकतीचं खरं मला कविताने सांगितलं. आमच्या ओट्यावर बसून शेंगा सोलताना बोलून गेली, "आजी, ना हरकत नसली तरी न्यायाधीशांची परवानगी मागता येते. पण कोणी मागत नाही. उद्या बाररूममध्ये त्याच माणसाशेजारी बसून डबा खायचा असतो ना."

"तू माग मग."

"मी साहेबांची ज्युनियर. अध्यक्षांच्या ऑफिसातूनच संघाची रीत मोडली, असं होईल. साहेब हो म्हणाले तर उद्या मागते."

त्या रविवारी तुम्ही जेवायला आलात. मी भाकरी थापत होते. पाठ न वळवता विचारलं, "भाऊजी, तलाठ्याला काय म्हणाला होतात?"

तुम्हाला लगेच कळलं. घास हातातच राहिला. मग म्हणालात, "तेव्हा मी तरुण होतो, वहिनी."

"तलाठी तुमच्या डब्याला शेजारी बसत नव्हता, असं म्हणा."

तुम्ही ठेचा मागून घेतलात. पण निघताना चपला घालत म्हणालात, "सभा बोलावतो. ठराव आणतो. पक्षकाराने तक्रार केली असेल तर ना हरकत अडवायची नाही." मला वाटलं, आलात ताळ्यावर.

सभा झाली. संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगायला आलात. मी दारातच विचारलं, झाला ठराव?

"कोरम नव्हता. बापूसाहेबांनी सगळ्यांना चहाला नेलं. सभा तहकूब करावी लागली."

"मग?"

"नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. जेवढे असतील तेवढे पुरतात."

"भरली का?"

"भरली. आम्ही सहाजण होतो."

"मग झाला म्हणा की ठराव."

"नाही घेतला."

मी हातातली परात खाली ठेवली. "का?"

"सहा जणांनी ठराव करायचा आणि सगळ्या संघावर लादायचा, हे मागच्या दाराने आल्यासारखं झालं असतं. पुढच्या महिन्यात पूर्ण सभेत घेऊ."

"आणि वर्षाचा हिशेब कितीजणांत मंजूर होतो तुमचा?"

तुम्ही खाली बघितलंत. "सहा-सातच असतात."

"म्हणजे हिशेबाला मागचं दार चालतं आणि मंदाला पुढच्याच दाराने आणायचं. तेही बंद असताना."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. जाताना म्हणालात, "वहिनी, तुम्ही फार टोचून बोलता." मी म्हटलं, "हरकत आहे का?" तुम्ही वळून बघितलंत, हसलात की नाही ते अंधारात दिसलं नाही. ते आपलं शेवटचं बोलणं. त्यावर मी रोज विचार करते. सहाजणांत ठराव घेतला नाहीत तो सरळपणा होता की भित्रेपणा? कधी वाटतं हा, कधी वाटतं तो. तुम्ही असतात तर भांडून एकदाचा निकाल लावला असता.

पुढची सभा आलीच नाही. तुम्ही गेलात. आणि गंमत बघा. मंदाची युक्तिवादाची तारीख तुमच्या शोकसभेच्या दिवशीच होती. वकील असून नाही, पुरावा नाही, त्या दिवशी दावा बुडालाच असता. पण अध्यक्ष गेले म्हणून कोणी वकील कामाला उभा राहिला नाही आणि सगळ्यांना पुढची तारीख पडली. मंदा मला म्हणाली, "आक्का, साहेबांनी जाता जाता तारीख दिली." मी म्हटलं, "हो. जिवंतपणी देता आली नाही, मरून दिली." ती रडायला लागली. मला वाटलं होतं हसेल.

शोकसभेला मी आले होते. हॉल भरला होता, लोक भिंतीला टेकून उभे. कोरमच कोरम! मी कविताच्या कानात म्हटलं, आत्ता घ्या की ठराव. ती म्हणाली, "आजी, शोकसभेत फक्त शोकठराव घेता येतो." तो एकमताने झाला. बापूसाहेबांनी मांडला. चांगलं बोलले. अजातशत्रू शब्द पहिल्यांदा त्यांनीच काढला.

मग दहावा. रामकुंडावर तुमच्या मुलाने पिंड ठेवला आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. ऊन चढत होतं. कावळे समोरच्या कठड्यावर होते, एक इकडे बघत होता, दोन पाठ करून बसले होते. कोणी खाली येईना. मनात म्हटलं, इथेही कोरम नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. एकेक जण पुढे येऊन हात जोडून तुम्हाला शब्द देऊ लागला. लता म्हणाली, मी तब्येतीला जपेन. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. मग बापूसाहेब पुढे आले, पांढऱ्या शर्टात. पिंडासमोर वाकून मोठ्याने म्हणाले, "साहेब, काही इच्छा राहिली असेल तर आम्ही सगळे मिळून पूर्ण करू."

मी म्हटलं, "राहिली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मंदाच्या वकीलपत्रावर ना हरकत द्या. तेवढी एकच राहिली होती. सभा त्याच्यासाठीच बोलावली होती त्यांनी, तुम्हाला माहीत आहे."

"वहिनी, ही काय जागा आहे का बोलायची?"

"विचारलंत तुम्ही. मी उत्तर दिलं."

लताने माझा पदर ओढला. गुरुजी पळी हातात धरून थांबले. सगळा संघ पायऱ्यांवर उभा. बापूसाहेबांनी आजूबाजूला बघितलं, कपाळ पुसलं आणि विषय संपवावा म्हणून, जसे तुम्ही म्हणायचात अगदी तसे, म्हणाले, "बरं बरं, हरकत नाही."

ते शब्द तोंडातून पडायची खोटी, कविता पुढे झाली. "सर, सगळ्यांनी ऐकलं. तेच दोन शब्द इथे लिहा." आणि पर्समधून मंदाचं वकीलपत्र काढलं. ते तिने केव्हापासून बरोबर ठेवलं होतं, देव जाणे. तुमचा होकार आला की लगेच द्यायला म्हणून असेल. पाठीमागून कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणी. बापूसाहेबांना आता नाही म्हणता येईना. बरं दिसलं नसतं ना! रामकुंडाच्या पायरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून, त्यांनी लिहिलं. अक्षर गिचमिड आहे, पण वाचता येतं.

सही झाली आणि कावळा आला, असं लिहिलं तर पुस्तिका वाचणाऱ्यांना आवडेल. नाही आला. आणखी बराच वेळ उभं राहून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. म्हणजे आणखी काहीतरी राहिलंय तुमचं. काय ते मला ठाऊक आहे.

कविताने अर्ज दिलाय, मंदाची साक्ष घ्यावी म्हणून. प्लॉटवाल्याची त्याला हरकत आहे. त्याची असणारच. न्यायाधीश काय म्हणतील ते तारखेला कळेल. मंदाने लुगडं धुवून, घडी करून उशाखाली ठेवलंय. भिंत अजून उभी आहे आणि ती अजून नाल्याच्या कडेनेच जाते.

पण एका मंदाचं झालं म्हणजे झालं का? तुमचा ठराव तसाच पडला आहे. नव्या अध्यक्षांना मी विचारलं. म्हणाले, "बघू आजी, योग्य वेळी." चांगला, हसतमुख माणूस आहे. काही वर्षांनी तोही अजातशत्रू होईल.

तुमच्या झोपाळ्यावर आता कोणी बसत नाही. लता तो काढायचा म्हणते. मी राहू दे म्हटलं. गेल्या आठवड्यात गेले होते तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि तुम्हाला पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं. लता आतून म्हणाली, "जाऊबाई, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, सभा चाललीय.

आपली सभा तहकूब झाली आहे, भाऊजी, संपलेली नाही. तिला कोरम लागत नाही, हे तुम्हीच सांगितलंय. मी एकटी पुरे.